साहेबांना ‘तू’ म्हटले, म्हणून पाण्याचा प्रश्न मिटतो का?

पत्राचा सारांश : मराठवाड्यातील एका गावातून आलेले हे पत्र आहे. लिहिणाऱ्या ताई ४२ वर्षांच्या असून गावातील एका बचत गटाच्या अध्यक्ष आहेत. जल जीवन मिशनमधून त्यांच्या गावात पाण्याची टाकी उभी राहून दोन वर्षे झाली, घरोघरी नळही बसले, परंतु त्या नळांना अद्याप पाणी आलेले नाही. गेल्या महिन्यात आमदार सभामंडपाच्या भूमिपूजनाला आले असताना ताईंनी त्यांना भर कार्यक्रमात अडवले. ‘दोन वर्षं टाकी कोरडी आहे, ती काय पूजेला बांधली का?’ असे विचारता विचारता त्या ‘मतं मागताना तुला लाज नाही वाटली का?’ इथपर्यंत आल्या आणि शेवटी ‘पुन्हा गावात पाऊल टाकलंस तर कुत्र्यासारखा हाकलून लावू’ असेही बोलून गेल्या. कोणीतरी मोबाईलवर केलेले चित्रीकरण दोन दिवसांत तालुकाभर फिरले. तेव्हापासून गावातील तरुण त्यांना ‘वाघीण’ म्हणतात, सासरे त्यांच्याशी बोलत नाहीत, आणि त्यांचे पती ज्या शिक्षणसंस्थेत नोकरीला आहेत तिथल्या संचालकांनी पतींना बोलावून ‘घरच्यांना आवरा’ असे सुनावले आहे. ‘व्हिडिओ सगळ्यांनी पाहिला, पण टाकीचं काय झालं हे मला एकानंही विचारलं नाही,’ असे त्या लिहितात. आता आमदार पाण्याच्याच बैठकीसाठी गावात येणार आहेत. तरुणांनी शाई आणि बांगड्यांचा आहेर यांची तयारी चालवली असून ताईंनी पुढे व्हावे, असा त्यांचा आग्रह आहे. ‘मी माफी मागावी का? आणि ज्यांनी आम्हाला दोन वर्षं माणसांत धरलं नाही, त्यांच्याशी सभ्यपणानं वागायचा ठेका आम्हीच का घ्यायचा?’ असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

प्रिय ताई,

तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा मोठा आहे, म्हणून आधी त्याकडे वळते.

तुम्ही ‘सभ्यपणा’ हा शब्द पत्रात तीन वेळा वापरला आहे आणि तिन्ही वेळा तुमच्या मनात त्याचे चित्र हात जोडून उभ्या असलेल्या माणसाचे आहे, असे मला वाटले. ते साहजिकही आहे. आपल्याकडे लोकप्रतिनिधीला दिलेले साधे निवेदनसुद्धा ‘यांचे सेवेशी’ने सुरू होते, मधे ‘आपल्या कृपेने’ येते आणि शेवटी पुन्हा विनंतीवर येऊन थांबते. ज्या पैशातून टाकी बांधली तो पैसा तुमचा-माझा असतो, तरी फलकावर आभार साहेबांचे असतात. या रिवाजाचा तुम्हाला संताप येत असेल, तर तो योग्यच आहे. परंतु त्याला सभ्यपणा म्हणू नका, ती लाचारी आहे, आणि तिचा ठेका तर कोणीच घेऊ नये. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील भाषणात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी स्वतंत्र भारताला जे इशारे दिले, त्यांत एक असा होता की, सनदशीर मार्ग उपलब्ध असताना लोकांनी रस्त्यावरच्या अराजकाची वाट धरू नये. दुसरा इशारा राजकारणातल्या भक्तीबद्दल होता. व्यक्तिपूजेने लोकशाहीची अधोगती होते आणि शेवट हुकूमशाहीत होतो, असे त्यांनी बजावले होते. आंदोलकांना उपदेश करताना खुर्चीवर बसलेली माणसे यातला पहिला इशारा आवर्जून सांगतात आणि दुसरा गाळतात, हे मी अनेकदा पाहिले आहे. तुम्ही दोन्ही लक्षात ठेवा.

आता तुमची तीन वाक्ये पाहू. ‘टाकी काय पूजेला बांधली का?’ हा प्रश्न झोंबणारा आहे, पण तो टाकीबद्दलचा आहे, आणि त्याचे उत्तर देणे हे आमदारांचे कामच आहे. तो तुम्ही शंभरदा, हव्या तितक्या मोठ्या आवाजात विचारा. ‘मतं मागताना तुला लाज नाही वाटली का?’ यात एकेरी हाक सोडली तर उरते ते दिलेल्या शब्दाची आठवण करून देणे, आणि तो मतदाराचा हक्क आहे. मात्र तिसऱ्या वाक्यात टाकी नाही, शब्द देणे नाही आणि विचारलेले काहीच नाही. त्यात आहे एक माणूस, एक कुत्रा आणि एक धमकी. ज्यांना पहिल्या दोन वाक्यांना उत्तर द्यायचे नव्हते, त्यांना तिसऱ्या वाक्याने सुटण्याची वाट मिळाली. ते वाक्य नसते तर आमदारांच्या माणसांना तुमच्या टाकीवर काहीतरी बोलावेच लागले असते. ते वाक्य आले, आणि सगळ्यांना तुमच्या जिभेवर बोलता आले.

तुम्ही स्वतःच लिहिले आहे की, टाकीबद्दल एकानेही विचारले नाही. सभ्यता का पाळायची, याचे माझे उत्तर तुमच्या त्याच ओळीत आहे. समोरच्याची पात्रता आहे म्हणून संयम पाळायचा, असे मी म्हणणार नाही. अनेकांची तेवढी पात्रता नसतेही. आपण तिथून निघून आल्यावर मागे काय चर्चेत राहावे, याचा ताबा आपल्याकडे राहावा म्हणून तो पाळायचा.

या बाबतीत मी स्वतः चुकले आहे, म्हणून हे ठामपणे लिहिते. अनेक वर्षांपूर्वी माझ्या गावी उन्हाळ्यात अकराव्या दिवशी नळ यायचा. चिडून आम्ही साठ-सत्तर जण कार्यालयावर गेलो. अभियंता जागेवर नव्हता. कोणीतरी त्याच्या रिकाम्या खुर्चीला चपलांचा हार घातला, आम्ही टाळ्या वाजवल्या, त्यांत मीही होते. तेवढ्यात व्हॉल्व्ह फिरवणारा कर्मचारी खांद्यावर तो लांब लोखंडी पाना घेऊन आत आला आणि गर्दीने त्यालाच धरले. त्याच्या शर्टाची बटणे तुटून फरशीवर पडलेली मला आजही दिसतात. तो रोजंदारीवर होता आणि कोणत्या भागाला किती वेळ पाणी सोडायचे हे ठरवणे त्याच्या हातात नव्हते. दुसऱ्या दिवशी कर्मचाऱ्यांनी काम बंद केले, आणि अकरा दिवसांचे पाणी पंधराव्या दिवशी आले. राग नेहमी ज्याच्यावर असतो त्याच्यापर्यंत पोचत नाही, वाटेत जो सर्वांत दुबळा भेटतो त्याच्यावर तो उतरतो. तुमच्या गावात तो ग्रामपंचायतीच्या शिपायावर किंवा पाणीपुरवठा पाहणाऱ्या मुलावर उतरेल. आमदारांच्या गाडीभोवती माणसे असतात, त्या मुलाभोवती कोणी नसते.

शाईचेही तसेच आहे. डिसेंबर २०२२ मध्ये पिंपरी-चिंचवडमध्ये मंत्री चंद्रकांत पाटील यांच्यावर शाई फेकली गेली. फुले, आंबेडकर आणि कर्मवीर यांच्या संस्थांबाबत त्यांनी वापरलेल्या ‘भीक’ या शब्दावरून राज्यभर संताप होता. शाई पडल्यानंतर मात्र बातम्या बदलल्या. फेकणाऱ्यांवर खुनाच्या प्रयत्नाचे कलम लावले गेले, बंदोबस्तावरच्या पोलिसांचे निलंबन झाले आणि पुढचे कित्येक दिवस वाद त्या कलमाचा आणि त्या निलंबनाचा चालला. मूळ शब्द मागे पडला. त्याआधी जुलै २०१९ मध्ये कणकवलीत मुंबई-गोवा महामार्गाच्या दुर्दशेवरून खुद्द आमदार आणि त्यांच्या समर्थकांनी उपअभियंत्यावर चिखल ओतला होता. खड्डे खरे होते, लोकांचे हाल खरे होते. त्या चिखलाने रस्ता काही लवकर पूर्ण झाला नाही, त्यानंतरही वर्षानुवर्षे तो रखडलेलाच होता.

तुमच्या गावातील तरुणांना हे सांगताना एक सावधगिरी बाळगा. ‘शांत राहा’ एवढेच सांगितले तर ते ऐकणार नाहीत, आणि ऐकूही नये, कारण शांत राहिल्यामुळेच दोन वर्षे गेली आहेत. त्यांना दुसरे काहीतरी करायला द्यावे लागेल. आवाज करणे म्हणजे असभ्यपणा, हा समज आधी मनातून काढा. १९७२ च्या दुष्काळाच्या आणि महागाईच्या दिवसांत मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्यासारख्या बायका हजारो गृहिणींना घेऊन मुंबईच्या रस्त्यावर उतरल्या, तेव्हा त्यांच्या हातांत लाटणी होती आणि त्या थाळ्या बडवत होत्या. तो आवाज मंत्र्यांना मुळीच सुखाचा नव्हता. गोरेगावच्या पाण्यासाठी झगडलेल्या मृणालताईंना तर लोकांनी ‘पाणीवाली बाई’ हे नावच दिले. त्या नावात अदब नाही, पण पाणी आहे. माझ्या मते आंदोलनाला याहून मोठे यश कोणते नसते.

मार्च २०१८ मधला शेतकऱ्यांचा लाँग मार्चही आठवा. नाशिकहून सुमारे १८० किलोमीटर चालून आलेल्या हजारो माणसांचे पाय सोललेले होते. ११ मार्चच्या रात्री ती माणसे मुंबईत शीवच्या सोमय्या मैदानावर टेकली होती. दुसऱ्या दिवशी दहावीच्या मुलांचा पेपर होता. सकाळी मोर्चा निघाला तर मुलांची अडचण होईल म्हणून ही माणसे विश्रांती सोडून रात्रीच उठली आणि आझाद मैदानापर्यंत चालत गेली. दिवस उजाडला तेव्हा मुंबईकर त्यांच्यासाठी पाणी, खाणे, चपला घेऊन उभे होते आणि त्याच दिवशी सरकारला लेखी आश्वासन द्यावे लागले. त्या लोकांच्या मनात राग कमी नव्हता. परंतु त्यांनी तो परक्या पोरांवर काढला नाही, म्हणून शहराला मागण्यांकडे पाहणे भाग पडले. पुढची गोष्टही मी लपवणार नाही. आश्वासने अर्धवट राहिली म्हणून फेब्रुवारी २०१९ मध्ये त्यांना पुन्हा नाशिकहून निघावे लागले. सभ्यपणे मागितले की मिळतेच, असा शब्द मी तुम्हाला देऊ शकत नाही. पुन्हा निघायची वेळ आली तेव्हा त्यांच्या हातात सरकारचा कागद होता, एवढे मात्र खरे.

बांगड्यांच्या आहेराबद्दल मला स्वतंत्रपणे लिहायचे आहे. नाकर्त्या अधिकाऱ्याला बांगड्या देण्याची ही पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की, बायकासुद्धा त्या बांगड्या घेऊन पुढे होतात. त्यातला अर्थ एकदा तपासा. ‘तू काही करू शकत नाहीस, म्हणजे तू बाई आहेस,’ असे आपण भर चौकात म्हणतो. गावात दोन वर्षे पहाटे चारला उठून विहिरीवर नंबर लावला कोणी? ज्या हातांनी हंडे वाहिले त्या हातांत बांगड्याच होत्या. त्या बांगड्या दुबळेपणाची खूण म्हणून कोणाला देऊ नका. तरुणांना हे तुम्हीच सांगा, तुमच्या तोंडून ते त्यांना पटेल.

‘घरच्यांना आवरा’ हे ऐकून मलाही राग आला. हेच शब्द गावातल्या एखाद्या पुरुषाने उच्चारले असते तर तो ‘आक्रमक कार्यकर्ता’ ठरला असता आणि त्याच्या बायकोला बोलावून कोणी समज दिली नसती. बाईचा आवाज चढला की आधी तिच्या घराला जाब विचारायचा, ही सभ्यतेची मागणी नव्हे. म्हणून सासऱ्यांच्या अबोल्याने तुम्ही स्वतःला गुन्हेगार समजू नका. मात्र पतींच्या नोकरीची भीती खरी आहे आणि तिच्याकडे धाडसाच्या भरात दुर्लक्ष करणे मला मान्य नाही. त्यावर उपाय एकच आहे, तुम्ही एकट्या पुढे राहू नका. निवेदनावर ४० बायकांच्या सह्या किंवा अंगठे असू द्या. बैठकीत पहिला प्रश्न एकीने, दुसरा दुसरीने विचारावा. ‘वाघीण’ हा किताब नम्रपणे परत करा. वाघीण एकटी असते, तिला घेरणे सोपे जाते.

कायद्याचे थोडेसे, कारण तरुणांना ते ठाऊक असणे जरुरीचे आहे. नुसता आवाज चढवणे किंवा जाब विचारणे हा सरकारी कामात अडथळा ठरत नाही. पूर्वीच्या भारतीय दंड संहितेतले कलम ३५३, जे १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम १३२ झाले, ते लोकसेवकावर हल्ला किंवा बळाचा वापर झाला तर लागते. वाहतूक पोलिसांच्या फेसबुक पानावर टीका केली म्हणून बेंगळुरूत एका जोडप्यावर हे कलम लावले होते, तो गुन्हा सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्द केला. परंतु कायद्याच्या भाषेत ‘हल्ला’ होण्यासाठी फटका बसावाच लागतो असे नाही. मारणार असे वाटावे इतका हात उगारणे, अंगावर धावून जाणे हेही त्यात येते, आणि हे कलम अजामीनपात्र आहे. दार अडवून कोणाला कोंडून ठेवणे हा वेगळा गुन्हा आहे. वीस-बावीस वर्षांच्या मुलाच्या नावावर असा गुन्हा नोंदला गेला की पोलीसभरतीपासून पासपोर्टपर्यंत त्याची वाट अडते. शाईची बाटली कोणाच्या हातात द्यायची हे ठरवणाऱ्यांनी आधी याचा विचार करावा.

आता बैठकीकडे येऊ. टाकी कोरडी का, हे गावात कोणाला नक्की माहीत आहे का? तुमच्या पत्रावरून तसे वाटत नाही, आणि ‘आमदारांनी आणले नाही म्हणून पाणी नाही’ हे गृहीतक मला तपासून घ्यावेसे वाटते. उद्भवाच्या, म्हणजे टाकीला पाणी पुरवणाऱ्या, विहिरीला पाणीच लागले नसेल, पंपाला वीजजोडणी मिळाली नसेल, मुख्य जलवाहिनीचा एखादा तुकडा जागेच्या वादात अडकला असेल किंवा देयक थकल्याने ठेकेदाराने काम सोडले असेल. प्रत्येक कारणाला जबाबदार माणूस वेगळा आहे. गावपातळीवरची योजना बहुधा जिल्हा परिषदेच्या ग्रामीण पाणीपुरवठा विभागाकडे असते, मोठी प्रादेशिक योजना असेल तर महाराष्ट्र जीवन प्राधिकरणाकडे. बैठकीला कार्यकारी अभियंता किंवा त्यांचा उपअभियंता हजर असावा, अशी मागणी आजच लेखी करा. ते नसतील तर आमदार ‘बघतो, सांगतो’ म्हणतील आणि बैठक संपेल. शिवाय माहितीच्या अधिकारात १० रुपयांचे शुल्क भरून अंदाजपत्रक, कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तिका आणि दिलेल्या देयकांच्या प्रती मागा, उत्तराची मुदत ३० दिवसांची आहे. मोजमाप पुस्तिकेत जी जलवाहिनी पुरली म्हणून लिहिले आहे, ती शिवारात आहे की नाही हे तुमच्या गावातला कोणताही शेतकरी एका दुपारी सांगेल. शाई फेकायला निघालेल्या मुलांना हे काम द्या.

आमदारांना विचारायचे ते त्यांच्या अधिकारातले विचारा. ‘पाणी कधी देणार?’ या प्रश्नाला ‘लवकरच’ हे उत्तर तयार असते. त्याऐवजी, या योजनेबद्दल विधानसभेत तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्यांनी सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, विचारला का, तातडीच्या विषयाकडे मंत्र्यांचे लक्ष वेधणारी लक्षवेधी सूचना देणार का, येत्या अधिवेशनात की त्यानंतरच्या, असे विचारा. जल जीवन मिशनची घोषणा १५ ऑगस्ट २०१९ रोजी झाली तेव्हा उद्दिष्ट माणशी दररोज ५५ लिटरचे होते. पाच माणसांच्या घराला ते २७५ लिटर होतात, म्हणजे पंधरा लिटरचे सुमारे १८ हंडे. बैठकीला येताना प्रत्येकीने आपला रिकामा हंडा आणावा आणि साहेबांच्या टेबलासमोर ओळीने १८ हंडे मांडावेत, कोणी काही बोलू नये. एका घराच्या एका दिवसाचे पाणी किती असते, हे तिथे बसलेल्यांना नुसते पाहूनच कळू द्या. यात कोणाचा अपमान नाही, आणि यातून सुटायला कोणाला वाटही नाही.

बैठकीआधी ग्रामसभेचा ठराव हातात असेल तर उत्तम. ग्रामसभेपूर्वी महिलांची सभा घेण्याची तरतूद आहे, तिचा पुरेपूर उपयोग करा. ग्रामसभेच्या गणपूर्तीला, म्हणजे किमान उपस्थितीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० यांपैकी जी संख्या कमी असेल ती लागते, आणि एवढ्या बायका तुमच्या बचत गटांमधूनच जमतील. जिल्हाधिकारी कार्यालयात दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लोकशाही दिन असतो. तिथे वैयक्तिक तक्रार घेतली जाते आणि अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो, म्हणून गावाचा एक अर्ज करण्यापेक्षा प्रत्येकीने आपल्या घरच्या कोरड्या नळाचा वेगळा अर्ज करावा.

राहिला माफीचा प्रश्न. तुमच्या पहिल्या दोन वाक्यांबद्दल माफी मागू नका. कोणी कितीही दडपण आणले तरी नको, कारण मग पुढच्या वेळी टाकीचा प्रश्न विचारणेच गुन्हा ठरेल. तिसरे वाक्य मात्र मागे घ्या. पतींच्या संस्थेने सांगितले म्हणून किंवा सासरे बोलत नाहीत म्हणून नव्हे. कोणत्याही माणसाला कुत्र्यासारखे हाकलून लावणे तुम्हालाच पटणारे नाही, असे तुमचे पत्र वाचून मला वाटले, म्हणून. ते बंद खोलीत जाऊन, पाया पडून किंवा मध्यस्थामार्फत करू नका. बैठकीत उभ्या राहा आणि एवढेच म्हणा, ‘मागच्या वेळी तुम्हाला हाकलून लावण्याची भाषा मी केली, ते शब्द मी मागे घेते. टाकीचा प्रश्न मागे घेत नाही. अहो आमदारसाहेब, वीजजोडणीचा अर्ज कोणत्या तारखेला गेला?’ आणि खाली बसू नका, उत्तर मिळेपर्यंत उभ्या राहा. वीजजोडणी हे इथे उदाहरण म्हणून लिहिले आहे. तुमच्या योजनेत जे अडले असेल ते त्या जागी घाला.

त्या दिवशी कोणीतरी पुन्हा मोबाईल वर धरेलच, धरू द्या. शिवाय तुमच्यातल्या एकीने वहीत प्रत्येक उत्तर, ते देणाऱ्याचे पद आणि सांगितलेली तारीख लिहून घ्यावी, आणि बैठक संपण्याआधी ते मोठ्याने वाचून दाखवून त्याखाली अभियंत्यांची सही मागावी. सही दिली नाही तर ‘सही दिली नाही’ असे लिहून उपस्थितांच्या सह्या घ्याव्यात. त्या पानाच्या प्रती काढून एक ग्रामपंचायतीत पोच घेऊन द्या, एक गटविकास अधिकाऱ्यांना पाठवा आणि एक टाकीच्याच खांबावर, येणाऱ्या-जाणाऱ्याला वाचता येईल अशा उंचीवर चिकटवा.